साहेबांना वाघ दत्तक घ्यायचाय

जानेवारी संपत आला की मुंबईतल्या बऱ्याच ऑफिसांत एक ठरावीक ईमेल फिरू लागतो. सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्चायच्या निधीचे, काही लाख शिल्लक राहिलेत, ३१ मार्च तोंडावर आलाय, आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नाहीतर भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, राणीच्या बागेत "प्राण्यांचं काहीतरी" करावंसं वाटतंय. शेवटी ती फाईल येऊन पडते अकाउंट्स किंवा एचआरमधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाच्या टेबलावर. हे मी त्या माणसासाठी लिहितेय.

मी एका कंपनीत आधी मार्केटिंगला होते, मग तिथेच सीएसआरला गेले. आता निवृत्त आहे, परळला राहते आणि ओळखीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांना अशा फायली वाचून देते. त्यामुळे लोगो मोठा करा म्हणून भांडणारीही मीच होते आणि तोच लोगो लहान करा म्हणून भांडणारीही मीच. प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत, हा वाद मोठा आहे आणि तो एका फायलीत मिटणारा नाही. जे प्राणी आज तिथे आहेत त्यांना उद्याही खायला लागणार, औषध लागणार, म्हणून मी पैसे देऊ नका असं कुणालाच सांगत नाही. देताना काय तपासायचं, ते सांगते.

खिसा कुठला, ते आधी

पहिली भेट फायनान्सवाल्यांची घ्या, प्राण्याची नंतर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्चायचे असतात. त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये धरायच्या कामांच्या यादीत, वनस्पती-प्राण्यांचं संरक्षण आणि प्राणिकल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

जे सहसा कुणी वाचलेलं नसतं ते सीएसआर नियमांच्या जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीत आहे. आपल्या मालाला किंवा सेवेला मार्केटिंगचा फायदा मिळावा म्हणून केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं कामही धरता येत नाही. म्हणजे "बिबट्या दत्तक घेऊ आणि स्टाफच्या मुलांना वर्षभर फुकट सफारी मागू" ही जोडगोळी तिथेच फुटते.

एका मार्केटिंगच्या साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, मग पाटी लावायचीच नाही का?"

"लावा की. फक्त एक सांगा सर, पाटी मिळाली नसती तर तुम्ही हे पैसे दिले असते का?"

ते हसले. उत्तर दोघांनाही कळलं होतं. पैसे मग मार्केटिंगच्या बजेटमधून गेले आणि त्यात काही वाईट झालं नाही. जाहिरात म्हणून केलेली जाहिरात प्रामाणिक असते. घोळ होतो तो जाहिरातीला दान म्हटल्यावर.

ओळखायचं कसं? अंतर्गत नोट उघडा आणि शब्द शोधा. "ब्रँड व्हिजिबिलिटी", "फूटफॉल", "सेल्फी पॉइंट" यांपैकी काही सापडलं तर ती मार्केटिंगची फाईल आहे, वर कव्हर कुठलंही असो. मग आउटडोअर जाहिरातीच्या एजन्सीला फोन करून विचारा, भायखळ्याला त्या आकाराच्या फलकाचं वर्षाचं भाडं किती पडेल. प्राणिसंग्रहालयाला देऊ केलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तुम्ही मदत करत नाही आहात, महापालिकेकडून स्वस्तात होर्डिंग घेताय. हा आकडा नोटमध्ये लिहा. मीटिंगचा सूर बदलतो, हे मी बघितलंय.

आणखी एक गोष्ट इथेच मिटवून टाका. सीएसआरच्या पैशातून काही बांधलं तर ती मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थ्यांकडे किंवा नोंदणीकृत संस्थेकडेच ती जावी लागते. तेव्हा "आमचं पक्षीघर" ही भाषा कागदावरूनच काढा, म्हणजे तोंडातूनही जाईल.

दत्तक म्हणजे काय, हे साहेबांना सांगा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दत्तक योजना आहे. पिंजऱ्यात सांभाळलेल्या प्राण्याचा वर्षभराचा खर्च तुम्ही उचलायचा. मध्यंतरीच्या दरपत्रकात वाघ-सिंहाला तीन लाखांच्या आसपास आणि चितळाला वीस हजार असे आकडे होते. फाईल करताना ताजं पत्रक मागवून घ्या. प्राण्याची मालकी तुमची होत नाही, त्याचं काय करायचं हे तुम्ही ठरवत नाही आणि त्याला हात लावायला मिळत नाही. हे तिन्ही मुद्दे आधी बोललेले बरे, कारण "दत्तक" ऐकल्यावर लोकांच्या डोक्यात मांडीवरचा बछडा येतो.

प्राणी निवडायचा कुणी? प्रत्येक कंपनीला वाघ हवा असतो. वाघ गेला असेल तर सिंह, तोही नसेल तर बिबट्या. कोल्हा, तरस, उदमांजर, भेकर यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण तरसाला लागणारं मांस काही वाघापेक्षा वेगळ्या दुकानातून येत नाही. मी साहेबांना सांगते, प्राणी निवडूच नका. "ज्याला दाता मिळालेला नाही त्याच्यासाठी वापरावे" असं एक वाक्य पत्रात लिहा. दहापैकी नऊ साहेब नाराज होतात. दहावा तयार झाला की अख्ख्या वर्षाचं पुण्य वसूल.

पांढऱ्या वाघाबद्दल तर स्पष्टच बोलते. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या नर बछड्यापासून पुढची पांढऱ्या वाघांची वंशावळ वाढली, तीही जवळच्या नात्यांत जुळवणी करून. वेगळी जात नाही, वेगळी उपजात नाही. जंगलातल्या वाघांच्या संवर्धनाला त्याचा उपयोग नाही, उलट त्या जुळवणीचे दोष पिल्लांच्या वाट्याला येतात. तो फोटोत मात्र छान दिसतो. तुमचे पैसे पांढऱ्या वाघांची पैदास वाढवायला जाणार असतील, तर फाईल परत करा.

आणि माझं ऐकाल तर प्राण्याऐवजी बिलं दत्तक घ्या. राणीच्या बागेतल्या पेंग्विनचंच बघा. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे पक्षी, भायखळ्यात थंड हवेच्या दालनात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक दगावला आणि गदारोळ झाला. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांना खुलं झालं आणि मुंबई लोटली. तो सगळा पैसा महापालिकेचा होता, कुठल्या कंपनीचा नाही, म्हणून आपल्याला त्याचा हिशोब वर्तमानपत्रांत वाचायला मिळाला. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली तेव्हा पुन्हा वाद झाला. मला तो आकडा शिकवण्यासारखा वाटतो. दालन एकदा बांधून होतं, फीत एकदा कापली जाते. थंड हवा, गाळलेलं पाणी, मासे आणि डॉक्टर मात्र रोज लागतात. स्पॉन्सर बांधकामाला मिळतो. विजेच्या बिलाला कुणी मिळत नाही.

म्हणून जेव्हा प्राणिसंग्रहालयाकडून यादी येते तेव्हा खालून वाचायला सुरुवात करा. दवाखान्यातलं एक्स-रे मशीन, प्राण्यांचं खाणं तयार होतं त्या खोलीतलं फ्रीजर, कीपर मंडळींचे गमबूट आणि लसीकरण, रात्रीच्या कोठडीतली फरशी, माकडांना कंटाळा येऊ नये म्हणून लागणारे दोर आणि ओंडके. यातल्या कशावरही पाटी शोभत नाही. तिथेच पैसे कमी पडतात.

बघायला जा, पण गुपचूप

साहेबांना घेऊन जाण्याआधी एकट्याने जाऊन या. राणीची बाग बुधवारी बंद असते. तिकीट काढून जा, "कंपनीकडून आलोय" म्हणू नका. आईवडील आणि दोन मुलं १०० रुपयांत, एकटा माणूस ५० रुपयांत, असे दर २०१७ पासूनचे. रविवारी दुपारी गर्दीत उभं राहून लोक काय करतात ते बघा: कोण काच बडवतंय, कोण वेफर्स फेकतंय, कोण ओरडतंय. तुमची पाटी हेच लोक वाचणार आहेत, आणि त्यात निम्मी पोरं आहेत. ती पोरं पिंजऱ्याजवळच्या प्रत्येक अक्षराला माहितीचा फलक समजतात. "बिस्कीट खा" आणि "हा प्राणी झुडपात राहतो" यांत फरक करण्याचं त्यांचं वय नसतं.

पक्षी-प्राण्यांच्या बरोबरीने झाडं बघा. १८६२ मध्ये ही बाग उघडली ती आधी वनस्पतींची बाग म्हणून. प्राणी नंतर आले. गोरखचिंचेसारखी जुनी झाडं इथे आहेत आणि काही वर्षांपूर्वी बागेच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला तेव्हा झाडांसाठी नागरिक उभे राहिले होते. तुमचं नवं "इंटरअ‍ॅक्टिव्ह झोन" कुठल्या झाडाच्या मुळांवर बसणार आहे, हे नकाशावर बोट ठेवून विचारा.

मग घरी येऊन कागद. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का आणि कधीपर्यंत आहे? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली आणि १९९२ पासून हे प्राधिकरण काम करतंय. मान्यतेशिवाय भारतात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. प्रत्येक संग्रहालयाला दरवर्षी जन्म, मृत्यू, आलेले-गेलेले प्राणी यांचा हिशोब द्यावा लागतो. तो तक्ता मागा आणि तीन वर्षांचे एकाखाली एक ठेवा. मृत्यू झालेले दिसले म्हणून घाबरू नका, म्हातारे प्राणी मरतातच. एकाच जातीत, एकाच मोसमात, वर्षामागून वर्ष दिसले तर पशुवैद्यांना भेटून नीट विचारा. चांगला डॉक्टर असा प्रश्न ऐकून खूश होतो. सहसा त्याला सेल्फीपलीकडचं कुणी काही विचारत नाही.

तुमची कंपनी काय विकते?

हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारायला जीभ अडखळते, म्हणून तो लेखी विचारा.

तंबाखू असेल तर प्रश्नच नाही. २००३ च्या तंबाखू कायद्याने स्पॉन्सरशिपला बंदी आहे. पण तोच ब्रँड वेलची किंवा पाण्याच्या बाटलीच्या नावाने येतो तेव्हा कायद्याआधी तुमच्या अकलेने हात वर करायला हवा. वेफर्स-बिस्किटांची कंपनी असेल तर खंदकात पडणारी पाकिटं कुणाची आहेत ते बघून या. आपलंच पाकीट पाणघोड्याच्या पाण्यात तरंगत असेल, तर पाणघोड्याच्या पाटीवर आपलं नाव घालण्याआधी कचरापेट्या आणि त्या उचलणाऱ्या माणसाचा पगार द्या.

बिल्डर असाल आणि नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून टॉवर उठवत असाल, तर बिबट्या दत्तक घेऊ नका. ब्रोशरवर तो "निसर्गाच्या कुशीत" म्हणून छापला जाईल आणि रहिवासी राहायला आले की पहिली तक्रार बिबट्याचीच करतील.

गिधाडांचं उदाहरण मी नेहमी देते. नव्वदच्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. मेलेल्या गुरात ते राहतं, खाणाऱ्या गिधाडाच्या किडन्या निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं. आता समजा उद्या एखादी औषध कंपनी गिधाडांच्या पिंजऱ्यासाठी पैसे घेऊन आली. नाकारायचे? मी म्हणेन, आधी विचारा की गुरांच्या औषधांत गिधाडांना घातक अशी दुसरी वेदनाशामकं अजून विकता का. नसतील विकत आणि मेलॉक्सिकॅमसारख्या सुरक्षित औषधाचा प्रसार करणार असतील, तर त्यांच्याइतका योग्य दाता दुसरा नाही. विकत असतील, तर पिंजऱ्याचे पैसे राहू द्या. विक्री थांबवली तरी गिधाडांचं जास्त भलं होईल.

एक्सॉन तेल कंपनीचं वाघ हे कित्येक दशकांचं बोधचिन्ह. १९९५ मध्ये तिने अमेरिकेतल्या एका वन्यजीव प्रतिष्ठानाबरोबर सेव्ह द टायगर फंड सुरू केला. वाघाचं तोंड वापरून पेट्रोल विकलं, तर वाघाला काही द्यावं, हा विचार मला रास्त वाटतो. ते पैसे वाघांच्या देशांत खऱ्या कामाला गेले. त्याने तेलाच्या धुराचा प्रश्न सुटला नाही हेही खरं. दोन्ही नोटमध्ये लिहा. एकाने दुसरं खोडू नका.

आर्थिक वर्ष बारा महिन्यांचं, हत्ती साठ वर्षांचा

माझ्या मते स्पॉन्सरशिपमधला सगळ्यात अवघड प्रश्न लोगोचा नाही. वेळेचा आहे. तुमचं बजेट वर्षाचं, मॅनेजिंग डायरेक्टर चार-पाच वर्षांचे, आणि पिंजऱ्यातला वाघ पंधरा-वीस वर्षं जगणार, हत्ती साठीपर्यंत. पैशाच्या जोरावर प्राणी आणला, आणि तिसऱ्या वर्षी धंदा मंदावला, तर प्राणी कुठे जाणार? कंपनीला नोटीस पिरियड असतो, पेंग्विनला नसतो.

म्हणून माझा पहिला नियम असा की कंपनीच्या पैशातून नवीन प्राणी आणायचा नाही. जे आहेत त्यांची सोय वाढवा. दुसरा, किमान तीन वर्षांचं वचन द्या. कायदाही इथे आड येत नाही. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलात तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने फ्लेक्स छापायची गरज नसते. हे ऐकून फायनान्सवाले दर वेळी नव्याने आश्चर्यचकित होतात.

तिसरा नियम थांबण्याचा. पुढे पैसे देणार नसाल तर बारा महिने आधी लेखी कळवायचं.

नावांचंही असंच आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पांडांच्या आवाराला आधी फुजीफिल्मचं नाव होतं. २०११ मध्ये डेव्हिड रुबेन्स्टाइन यांनी ४५ लाख डॉलर दिले आणि त्यांच्या कुटुंबाचं नाव लागलं. पांडांना काही फरक पडला नसावा. पण पाहा, ते पैसे पाच वर्षांच्या पांडा-कार्यक्रमासाठी होते, नुसत्या कमानीसाठी नव्हते. नाव द्यायचंच असेल तर मुदत लिहून द्या, आणि मुदत संपली की पाटी काढण्याचा खर्च कुणाचा तेही.

मुंबईला दात्यांच्या नावांचं वावडं कधीच नव्हतं. राणीच्या बागेत शिरल्यावर दिसणारा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससूनचा. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेटांसारख्यांनी वर्गण्या जमवल्या, आणि १८७२ मध्ये उघडलेल्या त्या वास्तूला आज नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाडांचं. त्याच वास्तूची डागडुजी २००३ च्या त्रिपक्षीय कराराने झाली. मालकी महापालिकेची, पैसा जमनालाल बजाज फाउंडेशनचा, आणि कौशल्य इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पैसा देणारा, जाणणारा आणि मालक हे तीन वेगळे राहिले, आणि दारावरचं नाव भाऊ दाजींचंच राहिलं. प्राण्यांच्या बाबतीतही मला हाच साचा हवा. पैसे कंपनीचे, निर्णय पशुवैद्याचा, मालकी सार्वजनिक.

वाईट दिवसाची तयारी

प्राणी मरेल. कधीतरी मरणारच. त्या दिवशी वर्तमानपत्राचा फोन तुमच्याकडे येईल, कारण पाटीवर तुमचं नाव आहे. तेव्हा "आम्ही फक्त पैसे दिले" म्हणणं शोभत नाही आणि "आमच्या लाडक्या राजाला श्रद्धांजली" म्हणणं त्याहून शोभत नाही. दोन ओळींचं निवेदन आधीच ठरवून ठेवा: शवविच्छेदनाचा अहवाल प्राणिसंग्रहालय देईल, आमची मदत ठरल्याप्रमाणे चालू राहील. दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा.

नाव जोडलं की दोन्हीकडून जोडलं जातं. अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सने १९८८ पासून सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या पार्कशी भागीदारी केली, विमानांवर ऑर्का (किलर व्हेल) रंगवले. बंदिस्त ऑर्कांवरून लोकमत फिरलं आणि २०१४ मध्ये ती भागीदारी संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे तर ताजं आहे. जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी सांभाळणाऱ्या केंद्रात गेली. वनतारा रिलायन्सचं, म्हणून कोल्हापुरात लोकांनी जिओची सिमकार्डं पोर्ट करायला सुरुवात केली. हत्तिणीच्या पायांची अवस्था, मठाची परंपरा, न्यायालयाचं म्हणणं, सगळं एकीकडे. राग निघाला सिमवर. पुढे वनताराने नांदणीजवळच पुनर्वसन केंद्राची तयारी दाखवली. कोण बरोबर, हे मी इथे ठरवत नाही. पण प्राण्यावर जीव लावणारा माणूस कंपनीच्या खात्यांचे कप्पे बघत नाही, एवढं कोल्हापूरने सगळ्या सीएसआर खात्यांना दाखवून दिलं.

करारात ही वाक्यं घाला

वकील आपली चाळीस पानं लिहू देत. ही मात्र मराठीत, पहिल्या पानावर:

"प्राण्यांचा आहार, उपचार, प्रजनन, स्थलांतर व प्रदर्शन याबाबत देणगीदार कंपनीस कोणताही निर्णयाधिकार राहणार नाही. प्राण्यास कंपनीच्या उत्पादनाचे नाव दिले जाणार नाही. फलकावर प्राण्याविषयीची माहिती वर व मोठी, कंपनीचे नाव खाली व लहान असेल. प्राणी आजारी असल्यास पशुवैद्यकीय अधिकारी कोणत्याही दिवशी, कारण न देता, पिंजरा प्रेक्षकांसाठी बंद करू शकतील. त्यापोटी कंपनी भरपाई मागणार नाही. सदर करार संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला जाईल."

शेवटच्या वाक्यावर कायदा विभाग हमखास अडतो. त्यांना सांगा, महापालिका सार्वजनिक प्राधिकरण आहे; दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर तो करार कुणालाही मागता येतो. लोकांनी शोधून काढण्याआधी आपण दाखवलेला बरा.

जाहिरातीत तोच प्राणी वापरायचा विचार असेल तर वेगळी परवानगी, वेगळी फाईल. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळ करायला लावण्यावर बंदी आहे, आणि चित्रीकरणासाठी प्राणी वापरायचा तर प्राणिकल्याण मंडळाच्या दारात जावं लागतं. दत्तकपत्राच्या जोरावर कॅमेरा आत जात नाही.

उद्घाटन

यावर फार वेळ घालवू नका, तुमच्या इव्हेंटवाल्यांनाही घालवू देऊ नका. वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमात प्राण्याला छेडणं, खायला घालणं, आवाजाने त्रास देणं या सगळ्याला मनाई आहे, आणि त्यातून चेअरमन सुटत नाहीत. म्हणजे ढोल-ताशा नको, फुगे नकोत, ड्रोन तर नकोच. सकाळी लवकर, फाटकाजवळ, पिंजऱ्यापासून लांब, दहा माणसांत उरका. भाषण पशुवैद्यांना करू द्या. आणि ज्या कीपर मामांनी त्या प्राण्याला वर्षानुवर्षं सांभाळलंय त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या. एरवी ते फोटोच्या कडेला बादली घेऊन उभे दिसतात.

साहेबांच्या घरून एक फर्माईश येईलच. मुलीचा वाढदिवस आहे, तिच्या हाताने वाघाला खाऊ घालता येईल का? वाघाचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाच्या हातून, लोखंडी दारापलीकडे होतं. हे साहेबांना निमंत्रणपत्रिका छापायला जाण्याआधी सांगा, आणि तोंडी सांगू नका, ईमेलवर सांगा.